सात शिट्ट्यांपैकी तीन माझ्या

पहिली शिट्टी होण्याआधी माझ्या झाकणावरचे वजन दोनदा हलते. पहिल्यांदा जेमतेम एक मिलिमीटर, दुसऱ्यांदा थोडे जास्त. मग त्याच्या कडेने पाण्याचा एक थेंब बाहेर येतो, तापलेल्या धातूवर क्षणभर थरथरतो आणि उडून जातो. त्यानंतर साधारण दहा सेकंदांनी मी वाजतो. सतरा वर्षे हे असेच चालले आहे. पुरेशी वाफ नसताना मी एकदाही वाजलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यावर जो आळ आला तो नेमका याच बाबतीत होता.

मित्रांनो, मी पाच लिटरचा कुकर आहे. जुना आहे, डाव्या बाजूला पोचा आलेला आहे, दांड्याचा एक स्क्रू मूळचा नाही. यातले काहीही मी लपवत नाही. पण मला भंगारात काढा असे कोणी म्हणाले, तर आधी माझे ऐकून घ्यावे लागेल.

माझा जन्म एका सपाट, गोल पत्र्यातून झाला. यंत्राने मला एका दाबात खोलगट केले. मग मला पाण्याने गच्च भरून, नेहमीच्या कामापेक्षा दुप्पट दाब देऊन तपासले. माझ्या शेजारचे दोघे तिथेच गळले आणि परत वितळायला गेले. मी गळलो नाही. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या तळावर बोटाने टकटक केले आणि मला पुढे ढकलले. ते माझे पहिले कौतुक.

मला जिने विकत घेतले, तिला मी आईच म्हणतो, कारण घरात दिवसभर तीच हाक ऐकू येते. तेव्हा ती कोणाची आई नव्हती. प्रयोगशाळेत रक्त तपासण्याची नवी नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारात तिने मला आणले. दुकानदाराने तिला फुलाफुलांची नक्षी असलेला दाखवला. तिने माझी रिंग काढून ताणून बघितली, वजन उचलून त्याखालची नळी उजेडासमोर धरली आणि म्हणाली, "हा द्या." तिच्या प्रयोगशाळेत उपकरणे निर्जंतुक करायला माझ्यासारखेच एक मोठे भांडे आहे, त्यातही पाणी एकशे एकवीस अंशांपर्यंत तापते. ती त्याला माझा थोरला भाऊ म्हणते. आमच्यात फरक एकच. थोरल्या भावाची वेळ घड्याळाने मोजतात आणि वहीत लिहून सही करतात. माझ्या शिट्ट्या मोजतात.

शिट्ट्या मोजण्याची या घराची एक पद्धत आहे. ज्याला शिट्टी ऐकू येईल त्याने आकडा मोठ्याने सांगायचा. न्हाणीघरातून आईचा धाकटा मुलगा ओरडतो "दोन", गॅलरीतून थोरली "तीन", आणि सात झाले की जो जवळ असेल तो गॅस बंद करतो. राजम्याला सात, मसुराला तीन. हा नियम अक्कांचा. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, मुलांची आत्या. त्यांच्या आईच्या कुकरला सात लागायच्या, म्हणून मलाही सात. तो कुकर लहान होता, त्याचे वजन वेगळे होते, हे कोणी विचारले नाही. आणि बाबांचे नवल तर काय सांगावे! ते घड्याळे दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांचे सेकंद जागेवर आणतात आणि घरी येऊन बोटांवर शिट्ट्या मोजतात.

तरीही सोळा वर्षे आमचे छान चालले. आई सकाळी निघताना राजमा नाहीतर हरभरे भिजत टाकायची. संध्याकाळी साडेसहाला आली की पर्स खुंटीला आणि मी गॅसवर. तळाला कडधान्य, वर जाळीवर तांदळाचे भांडे, त्यावर वाटीत चार अंडी. एकाच आचेवर सगळे. ती हात धुऊन, कपडे बदलून, थोरलीचे गणित बघून येईपर्यंत जेवण तयार. महिनाअखेरीला मटण-मासळी परवडायची नाही, तेव्हा तर सगळी मदार माझ्यावर. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, वाटीभर शिजलेल्या राजम्यात त्याच्या दुपटीहून जास्त. हे आई मुलांना वाढता वाढता सांगायची. धाकटा वाढीच्या वयातला. तो ग्रॅम ऐकून घ्यायचा आणि वाटी पुढे करायचा.

अक्कांना मात्र हे पटायचे नाही. गॅसपुढे दोन तास उभे राहिल्याशिवाय त्याला स्वयंपाक म्हणायचे कसे, असे त्यांचे म्हणणे. वीस मिनिटांत तर आपला कांदाही चिरून होत नाही, असे त्या एकदा म्हणाल्या. "तुझा कांदा चिरता चिरता उगवतो, अक्का," बाबा म्हणाले. अक्का दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीठ द्यायच्या निमित्ताने बोलल्या.

मग एक कागद आला. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई निवृत्त होत होत्या आणि ती जागा आईला देऊ केली होती. घरी यायला साडेआठ वाजणार होते. आईने तो कागद घडी करून मसुराच्या बरणीखाली ठेवला. प्रयोगशाळेच्या मालक असलेल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारले की ती सांगायची, विचार करून सांगते. त्यांनी एकदा मुदत वाढवली, दुसऱ्यांदा वाढवली. बरणी रोज उचलली जायची, त्यामुळे तो कागद मला रोज दिसायचा. ती तो उघडायची नाही. फक्त पुसून परत ठेवायची.

शेवटी तिने ठरवले की आठ दिवस करून बघावे. बाबा म्हणाले, जा तू, राजमा काय, मीही शिजवीन. सोमवार मसुरावर निभावला. मंगळवारी अंडी झाली. बुधवारी राजमा होता.

आता नीट ऐका. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी एका अरुंद बोळात उघडते. पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघराची खिडकी. ते घर वर्षभर रिकामे होते. त्या आठवड्यात तिथे नवे बिऱ्हाड आले आणि त्यांच्याकडेही कुकर होता. माझ्याच कंपनीचा, माझ्याच आवाजाचा. बाबांनी मला गॅसवर चढवून दुसऱ्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे घड्याळ उघडले. मी एकदा वाजलो. तो दोनदा वाजला. मी वाजलो, तो वाजला. घरातले सगळे आपले इमानदारीने मोजत होते. माझी तिसरी झाली, लगेच त्याची चौथी झाली आणि गॅलरीतून आवाज आला, "सात!"

मला ठाऊक होते. पण मला एकच शब्द बोलता येतो आणि तोच तर त्यांनी चुकीचा मोजला होता.

पोरांना भूक लागली होती, म्हणून बाबांनी मला नळाखाली धरले. वाफ आपोआप जिरेपर्यंत आतले शिजत राहते, तेवढी संधीही गेली. राजमा वरून मऊ दिसत होता, आत खडा होता. अर्धवट शिजलेल्या राजम्यात पोट ढवळून काढणारे एक द्रव्य शिल्लक राहते. आई साडेआठला दारात आली तेव्हा धाकटा मोरीपाशी ओकत बसला होता आणि त्याच्यामागे बाबा नंबर लावून उभे होते. अक्का त्याची पाठ चोळत होत्या. "मी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या.

आईने पर्स दारातच खाली टाकली. तिने मुलाला साखर-मिठाचे पाणी दिले. उरलेला राजमा बोटांत दाबून पाहिला आणि टाकून दिला. दुसऱ्या दिवशी ती साडेसहालाच घरी आली.

खापर माझ्यावर फुटले. सात शिट्ट्या होऊनही शिजत नाही म्हणजे कुकर गेला, असे अक्कांनी जाहीर केले. बाबांनी मान हलवली, कारण आपण मोजण्यात चुकलो हे मानण्यापेक्षा ते सोपे होते. मला ओट्याखाली, फरशी पुसायच्या फडक्याच्या मागे ठेवले. भंगारवाला आला की द्यायचा म्हणे. तिथे माझ्या पोटात एक झुरळ येऊन राहिले. मी त्याला काही म्हणालो नाही. निदान ते मला खोटा तरी म्हणत नव्हते.

वर काय चालले आहे हे मला ऐकू यायचे. कधी पाव आणि जॅम, कधी पाकिटातल्या शेवया, कधी बाहेरचे तेलकट डबे. धाकटा जेवून उठायचा आणि तासाभरात परत डबे उघडायचा. आई अंडी उकडायची, पण तिचा हात पूर्वीसारखा चालत नव्हता. एका संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, शुक्रवारपर्यंत नक्की सांगते. बरणी उचलल्याचा आवाज आला. कागदाचा आला नाही.

आणि मित्रांनो, मग मंगळवार उजाडला. संध्याकाळी सातला बोळातून शिट्टी आली.

"एक," न्हाणीघरातून धाकटा म्हणाला.

"दोन," गॅलरीतून थोरली.

"तीन," बाबा दुसऱ्या खोलीतून म्हणाले आणि लगेच उठले. चौथी शिट्टी झाली तेव्हा ते स्वयंपाकघरात उभे होते. गॅस बंद होता. ओट्यावर पावाचे पाकीट होते. त्यांनी खाली वाकून फडके बाजूला केले आणि माझ्याकडे पाहिले. मी थंडगार होतो, माझे झाकणसुद्धा लावलेले नव्हते.

"अगं, हा तर इथे आहे," ते म्हणाले. "मग आपण मोजतोय काय?"

आई दारात आली. पाचवी शिट्टी झाली. तिने खिडकीकडे पाहिले, मग बाबांकडे. मला वाटले आता ती खूप काही बोलेल. तिने फक्त विचारले, त्या दिवशी खिडकी उघडी होती का? बाबा म्हणाले, उघडी होती. अक्का हॉलमधून सहा म्हणाल्या, कारण त्यांना अजून कोणी काही सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला आपल्या दुकानात नेले. इतर घड्याळांच्या रांगेत मला ठेवून, भिंग लावून त्यांनी माझी नळी बारीक तारेने साफ केली. नवी रिंग बसवली, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह लावला. दांड्याचा स्क्रू आवळला. गिऱ्हाइके विचारायची, हे कसलं घड्याळ? बाबा म्हणायचे, घरचं आहे, याला आम्हीच चुकीची वेळ सांगायला लावली.

इथे थोडे थांबून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. मला दया नको. मला जुना म्हणून फडताळात शोभेला ठेवू नका, मी शोभेचा नाही. माझी रिंग रोज धुवा, कडक झाली की बदला. झाकण लावण्याआधी नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का बघा, आणि दिसला नाही तर मला गॅसवर चढवू नका. मला दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, कडधान्य असेल तर निम्म्यावर थांबा. एवढे केलेत तर मी कामात कसूर करणार नाही. आणि कोणाला दोषी ठरवायचे झाले, कुकर असो की माणूस, तर आधी खिडकी लावून घ्या आणि मग ऐका.

गुरुवारी सकाळी बाबांनी स्वतः राजमा भिजत टाकला. संध्याकाळी आई साडेसहाला आली तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दिली आणि सांगितले, तू फक्त बस. हात लावायचा नाही, सूचना द्यायची नाही. आई हात मांडीवर ठेवून बसली. तिला ते किती जड गेले हे तिच्या बोटांकडे बघून कळत होते. बाबांनी खिडकी लावली. माझे वजन दोनदा हलले, थेंब उडाला, मी वाजलो. बाबांनी गॅस बारीक केला आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिले. वीस मिनिटे. मग गॅस बंद, आणि वाफ आपली आपण जिरेपर्यंत मला कोणी शिवले नाही. मधल्या वेळात थोरलीने टोमॅटो चिरले आणि बाबांनी एका कागदावर लिहिले: राजमा, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर वीस मिनिटे. मसूर, सहा. खाली त्यांनी तारीख घातली आणि सही केली. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. थोरल्या भावाला मिळतो तो मान मला सतरा वर्षांनी मिळाला.

झाकण उघडले. सगळे अक्कांकडे बघत होते. अक्कांनी एक दाणा उचलला आणि अंगठ्याने दाबला. त्याचे पीठ झाले. त्यांनी तो तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, तेवढी गरज नसताना.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

अक्कांच्या तोंडून याहून मोठे प्रशस्तिपत्र या घरात कोणाला मिळालेले नाही. धाकट्याने दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, मग तिसऱ्यांदा. अक्का ताटाकडे बघत म्हणाल्या, "कांदा मी चिरत जाईन. दुपारी दोनला बसले तर सातपर्यंत होईल."

बाबांनी तोंड उघडले होते, पण या वेळी शहाणपणाने घास घातला.

आई उठली. ओट्याशी गेली, मसुराची बरणी उचलली आणि खालचा कागद काढला. घडीवर बरणीचा गोल डाग पडला होता. तिने कागद उघडून एकदा वाचला, जणू त्यात काय लिहिले आहे हे तिला ठाऊक नव्हते. मग टेबलाकडे वळली. प्रयोगशाळेत अहवाल वाचून दाखवतात त्या शांत, सपाट आवाजात ती बोलली.

"ती जागा मी घेतेय. सोमवारपासून मला साडेआठ होतील. माझ्यासाठी थांबू नका, जेवून घेत जा."