तीन ओरखड्यांचा पेला

मी एक पेला. स्टीलचा, पोटाशी जरा फुगीर, काठाखाली तीन ओरखडे. सहा जणांच्या संचात मी कितवा होतो ते कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. साच्यातून निघालो, पॉलिश झालो, खोक्यात बसून या घराच्या फडताळात आलो. कुणाच्याही हाताला लागायचो, कुणालाही चालायचो. संशय म्हणजे काय ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आता कुणी हात पुढे केला की तो मला किती बोटांनी उचलतो, ते मी आधी पाहतो.

ओरखडे घरातल्या आईंनी पाडले, खिळ्याने, एका दुपारी. सूनबाईला क्षय निघाला होता. तिच्या कडेवर बाळ, हातात गोळ्यांचं पाकीट आणि आईंच्या हातात मी.

"हा तिचा. बाकीच्यांत मिसळायचा नाही," आई म्हणाल्या आणि मला कामाच्या खोलीतल्या कोनाड्यात नेऊन ठेवलं.

आजार तिला झाला आणि डाग मला पडला. पण कोनाड्यात बसवून त्यांनी एक चूक केली. तिथून सगळं दिसतं.

या घरात चित्रांच्या लाकडी चौकटींवर सोन्याचा वर्ख चढवतात. वर्ख इतका पातळ की समोरच्याने सुस्कारा टाकला तरी उडतो. म्हणून या खोलीची खिडकी कायम बंद, फटींत कागदाच्या घड्या कोंबलेल्या. पंखा नाहीच. घरचे मालक, म्हणजे सूनबाईचे सासरे, मऊ केसांच्या कुंचल्यावर वर्ख उचलतात तेव्हा श्वास धरून ठेवतात. चाळीस वर्षांचा सराव. पाण्याखाली बसवलं तरी म्हातारा आरामात बसेल, असं त्यांची धाकटी लेक म्हणते.

सून लग्न होऊन आली आणि त्यांच्या डाव्या हाताला बसून चौकटी घासायला, सरस लावायला शिकली. दिवसाचे सात-आठ तास, हातभर अंतरावर. तिचा नवरा माल पोचवायला बाहेर, आई स्वयंपाकघरात, धाकटी कॉलेजात.

मालकांना खोकला होता. वर्खाला ते फार जपत. खोकला आला की मान वळवायचे आणि दरवेळी डावीकडेच वळवायचे.

सूनबाईचा आजार कळल्यावर दवाखान्यातल्या ताई घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायला आल्या. "कुणाला खोकला आहे का? ताप? वजन घटलंय?"

"छे," मालक म्हणाले, आणि ताई वही मिटून उंबरा ओलांडेपर्यंत त्यांनी श्वास धरला. मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही. दार लागलं तसा तो खोकला असा फुटला की फळीवरचा एक अख्खा वर्ख फुकट गेला.

त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर डोळा आहे.

घराचा डोळा मात्र सुनेवर होता.

"तिच्या मामालाही होता म्हणे," आई भाजी निवडताना म्हणाल्या.

"रक्तातच असतं एकेका घराण्याच्या," मालक म्हणाले. "आपल्या सात पिढ्यांत कुणाला झाला नाही."

"सहाव्या पिढीचं नुसतं नाव सांगा, बाबा," धाकटी म्हणाली.

मालकांना खापरपणजोबांच्या अलीकडेच थांबावं लागलं. "चार पुस्तकं वाचली की जिभेला हाड राहत नाही," एवढंच म्हणाले.

महिन्याभराने रक्तवाल्या बाई आल्या. संशोधन करणाऱ्या. एकाच छपराखाली राहून एकाला क्षय होतो, दुसऱ्याला होत नाही, त्यात जन्मजात काही फरक असतो का, हे त्या शेकडो घरांतून शोधत होत्या. सगळ्यांचं रक्त हवं होतं. सर्वांत आधी बाही वर केली ती मालकांनी. मला तेव्हाच खटकलं. जो माणूस खोकला लपवतो तो रक्त इतक्या हौसेने का देतो?

त्याच संध्याकाळी कळलं.

"रक्ताचा रिपोर्ट येऊ दे," ते म्हणाले. "दोष तिच्याकडचा निघाला की तिने माहेरी जायचं. बाळ इथेच राहील. त्याच्यात निम्मं आपलं आहे."

सून मला तोंडाशी लावत होती. तिचे दात माझ्या काठावर वाजले. तिचा नवरा चौकटीला घासकागद मारत होता. तो मारतच राहिला. असा गुळगुळीत माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"दादा, लाकूड संपेल," धाकटी म्हणाली. त्याने घासकागदाची बाजू तेवढी बदलली.

पुढचे तीन आठवडे सून बाळाचे कपडे पुन्हा पुन्हा घडी करत बसायची. सगळी औषधं वेळेवर घेत होती, वजन वाढत होतं, तिच्यापासून आता कुणाला धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी आई मला दोनच बोटांनी उचलत.

मग बाई दुसऱ्यांदा आल्या. मालक अंगरखा बदलून बसले होते.

"रिपोर्ट?"

"तसा रिपोर्ट नसतो, काका. कागदावर सही घेतली तेव्हा सांगितलं होतं."

"मग दोष कुणाच्या रक्तात ते कसं कळायचं?"

बाई खाली बसल्या. "आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांत प्रत्येकाचे बारीक बारीक फरक असतात. तुमचे, माझे, सगळ्यांचे. काहींमुळे शरीराचे पहारेकरी क्षयाच्या जंतूला लवकर घेरतात, काहींमुळे उशिरा. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्यालाही व्हायची शक्यता जास्त दिसते, त्यावरून हे कळलं. पण अमुक फरक असला की क्षय होणारच, असं कुणी सांगू शकत नाही. खाणं, साखरेचा आजार, तंबाखू, कोंदट खोली, सगळं त्यात येतं. आणि जंतूच आला नाही, तर नुसत्या रक्ताने कुणालाही क्षय होत नाही."

"मग मला का झाला?" सून पहिल्यांदाच बोलली. "आई तर इथे तीस वर्षं आहेत."

"तेच तर शोधतोय. अजून पुरतं कळलेलं नाही. पण तो आला हवेतून, कुणाच्या तरी खोकल्यातून."

"पेल्यातून?" आईंनी विचारलं.

"पेल्यातून नाही."

खोलीतलं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. माफी वगैरे तर लांबच.

"मग खोकला कुणाचा?" धाकटीने विचारलं आणि बापाकडे पाहत राहिली.

"मला खोकला तिच्यामुळे लागलाय," मालक म्हणाले. म्हणजे खोकला आहे, हे कबूल झालं. बोलून गेल्यावर त्यांच्याही ते ध्यानात आलं.

धाकटीने मोबाइल काढला आणि दादाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. अडीच वर्षांपूर्वीचा. पडद्यावर नवी नवरी हसते आहे, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि त्या सगळ्यावर एक खोकला. थांबतो, परत येतो. कॅमेरावाल्याने शेवटी वैतागून तिकडे कॅमेरा वळवलाय. नव्या पोशाखात मालक, रुमालात तोंड.

"त्या दिवशी वहिनी या घरात एक तासही राहिली नव्हती," धाकटी म्हणाली. "रक्त द्यायला केवढी घाई होती तुम्हाला, बाबा. आता बेडकाही द्या तपासायला."

मालकांनी श्वास धरला. आम्ही सगळे वाट पाहत होतो. कितीही सराव असला तरी माणसाला कधीतरी श्वास सोडावाच लागतो.

चार दिवसांनी बेडक्याचा निकाल आला. जंतू होते, भरपूर. म्हातारा त्यांना अंगावर घेऊन अडीच वर्षं हिंडत होता आणि सून दोन वर्षांत आडवी झाली. जंतू कदाचित तोच. दोन शरीरांनी तो दोन तऱ्हांनी सोसला, त्यात कुणाची लायकी नाही की कुणाचं पाप नाही. पण खोकला लपवणं हे कुणाच्या रक्तात नसतं. ते माणूस ठरवून करतो.

नवऱ्याने त्या दिवशी घासकागद खाली ठेवला. "ती कुठेही जाणार नाही, बाबा," म्हणाला. फार उशिरा, पण म्हणाला. मग सुनेने खिडकीच्या फटींतले कागद ओढून काढले आणि खिडकी उघडली. फळीवरचे वर्ख उठले, खोलीभर गिरक्या घेऊ लागले. मालक पाहत राहिले. ओरडले नाहीत. खोकले, आणि या वेळी बाहीत.

आईंनी आता मालकांसाठी दुसरा पेला आणि खिळा आणला. धाकटीने दोन्ही त्यांच्या हातून काढून घेतले. फडताळातले सगळे पेले काढले आणि पाचही जणांच्या काठाखाली तीन-तीन ओरखडे ओढले. कर्रर्र, कर्रर्र, कर्रर्र. मग मला त्यांच्यात ढकललं.

"आता शोधा," म्हणाली.

सहांपैकी मी कितवा ते आज पुन्हा मलाही ठाऊक नाही. आई अजून उचलण्याआधी क्षणभर थांबतात. थांबू देत. तुमच्याही घरात एखादा पेला वेगळा ठेवलेला असेल, तर त्याला कोनाड्यातून काय दिसतं ते एकदा विचारा. आणि कुणी 'मला खोकला नाही' म्हणालं, तर लगेच वही मिटू नका. थोडं थांबा. श्वास सोडेपर्यंत.