धुतलेल्या गाद्या

आमच्या मातोश्रींचा स्वच्छतेचा सोस अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. तो कुणाच्या जिवावर बेतेल असं मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

हडपसरच्या ज्या कारखान्यात मी माल तपासायचं काम करते, तिथे जुन्या गाद्यांचा फोम चिरून दोनशे अंशांवर तापलेल्या रसायनात विरघळवतात. त्यातून नव्या फोमसाठी कच्चा माल मिळतो. त्यात ओला फोम पडला, तर तापल्या तेलात पाणी पडावं तसं होतं. फक्त इथली कढई दोन टनांची. म्हणून प्रत्येक गोणीत हात घालून, तुकडे दाबून मगच मी सही करते. आज आमच्या कोथरूडच्या घरातल्या सोफ्याच्या गाद्या चिरून आल्या आणि मी न बघताच सही ठोकली. घरचाच माल, त्यात काय बघायचं!

दुपारी आईचा फोन आला. "अस्मिता, गाद्या पोचल्या ना गं? परवा साबणाने स्वच्छ धुऊन वाळवल्यात हो. लोकांना घाण कशी द्यायची?"

मी फोन तसाच टाकून उठले. जाड फोम वरून वाळतो, पण पोटात पाणी धरून बसतो. केबिनच्या काचेतून वर पाहिलं, तर रसायनाच्या टाकीच्या तोंडाशी आमचे कामगार पोपटभाऊ तीच गोणी उघडत होते.

"पोपटभाऊ, थांबा!" मी ओरडत धावले. यंत्राच्या घरघरीत मला माझाच आवाज ऐकू येईना. लोखंडी जिना संपता संपेना. हा माणूस गेला, तर मीच मारला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मी पोचेपर्यंत त्यांनी अर्धी गोणी ओतली होती. टाकी गुरगुरली. मी त्यांचा हात धरून ओढत सुटले. आम्ही निम्म्या जिन्यावर असताना वर काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि ते उभे होते तिथे उकळता फेस धबाधबा कोसळला.

खाली आल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "मॅडम, मालकास्नी सांगू नका. माझ्याच हातनं एकदम लई पडलं."

मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. तोही मोह झाला, खोटं कशाला बोलू?

"तुमची काही चूक नाही. माल ओला होता. मी तपासलाच नाही."

पोपटभाऊंनी एकदा वर टाकीकडे पाहिलं. मग माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.