पुढे सरकलेली लाल रेघ

मी एक जुनी लाल रेघ आहे, मित्रांनो. संगणकाच्या पडद्यावर चुकलेल्या शब्दाखाली जी नागमोडी रेघ उमटते, तीच मी. मला डोळे नाहीत. 'सुरुवातीपासून इतकी अक्षरं सोडून बस' असं सांगितलं की मी तिथे बसते.

माझा जन्म स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत झाला. त्या घरात एक नणंद आणि भावजय राहत. फाइल वाचून चुका शोधणारा प्रोग्रॅम नणंदेने लिहिला. तो अक्षरं मोजून मला जागा सांगायचा. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तिची भावजय काम करायची. "ही आहे म्हणून माझे डोळे वाचतात," असं ती म्हणायची. ते दिवस मला अजून आठवतात.

पुढे एका शस्त्रक्रियेत आईंचा आवाज गेला. या नणंदेच्या आई, भावजयीच्या सासूबाई. भावजयीने त्यांच्यासाठी बोलणारी पाटी केली. चित्रावर बोट ठेवलं की पाटी वाक्य बोलायची. पाटीच्या फाइलमध्ये दर ओळीत एक चित्र आणि त्याच्या ध्वनिमुद्रित आवाजाचं नाव असे; ती फाइल मात्र आईंच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर लिहिलेली होती.

ती फाइल इकडे, टेबलावरच्या संगणकावर उघडल्यावर 'या नावाचा आवाज सापडत नाही' असा निरोप घेऊन मी पेल्याच्या चित्राखाली उमटले. भावजयीने तिथला आवाज काढून यादीतला दुसरा जोडला, तो काय बोलतो ते न ऐकताच. तरी मी हटले नाही.

दुपारी आईंनी पेल्यावर बोट ठेवलं.

"खिडकी लाव," पाटी म्हणाली.

भावजयीने खिडकी लावली. आईंनी पुन्हा बोट ठेवलं. तिने दुसरीही लावली. आईंनी पलंगावर चमचा आपटला, पाटी उलटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्या पाटीला हात लावेनात.

"वन्सं, तुमची ही रेघ बंद करा. हिच्या नादाने चांगलं होतं ते बिघडवलं मी."

"माझी रेघ सरळ आहे, वहिनी."

"सरळ? वळवळतेय नुसती!"

नणंद हसली नाही. तिने पहिल्या ओळीत मुद्दाम चूक केली. मी नेमकी तिथे बसले. मग मधल्या ओळीत केली. मी थोडी पुढे बसले.

"अगं, ही दर ओळीला एक घर पुढे जातेय!"

कारण साधं होतं. त्या जुन्या संगणकावर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन न दिसणाऱ्या खुणा पडत. पडद्यावर फाइल उघडताना त्यातली एकच उरे. तपासणारा प्रोग्रॅम मूळ फाइलवरून, दोन्ही खुणा धरून मोजत होता आणि मला बसवलं जात होतं पडद्यावरच्या मजकुरात. नणंदेने दोघांना एकाच मजकुरावरून मोजायला लावलं. मी मुकाट्याने वरच्या ओळीत, उशीच्या चित्राखाली गेले. खरी चूक तिथे होती.

भावजयीने उशीची ओळ सुधारली, पेल्याचा आवाज परत जोडला आणि पाटी पलंगावर ठेवली.

"आई, एकदाच बघा. नाही जमलं तर मीच फेकून देते."

आईंनी भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. मग बोट पेल्यावर आलं.

"पाणी दे."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आणखी एका चित्रावर बोट ठेवलं, तेही दोनदा.

"खिडकी उघड. खिडकी उघड."

भावजयीने दोन्ही खिडक्या उघडल्या. आई गालात हसल्या.

तेव्हा मी पडद्यावर नव्हते. चूक सुधारली की मला पुसतात, आणि त्याचं मला काही वाटत नाही. एवढंच मागते, मित्रांनो, की माझ्या सांगण्यावरून कुणाचा शब्द बदलण्याआधी मी कुठून मोजत आले ते एकदा तपासा.