सोजराबाईच्या पोत्यांना लागलेला वास

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल पिकअप आहे. सातपाटीला कमलेशच्या घराशेजारी, नारळाखाली मी उभी असते. माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. चौदा वर्षं मासे वाहिले की स्वभाव असाच होतो. बर्फवाला म्हणतो पुरेसा बर्फ टाकलाय, आणि पालघर येईपर्यंत पापलेटं उघडी पडलेली असतात. मग कुणाचं खरं मानायचं?

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. तो मला फारसा आठवत नाही. आठवतो तो इथला पहिला दिवस. कमलेशच्या आईनं माझ्या बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा एक तुकडा वायपरखाली अडकून राहिला. तीन दिवस तो कुणी काढला नाही. कमलेश तेव्हा मला रोज पुसायचा.

पुढची वर्षं कामात गेली. बंदरावरून ओली मासळी पालघरला, सुके बोंबील बोईसरला, कधी मासवणच्या बाजूला लग्नमंडपाचं सामान. कौतुकही झालं माझं. चिखलात रुतलेल्या दोन गाड्या मी ओढून काढल्या आहेत, विचारा कुणालाही. पण बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली गळत राहिलं. पत्रा पोखरत गेला. स्टार्टर म्हातारा झाला आणि मला धक्का मारून सुरू करायची वेळ आली. म्हणून माल भरताना कमलेश इंजिन बंदच करेनासा झाला. एकदा बंद केलं तर परत धक्क्याला माणसं कोण गोळा करणार?

कमलेशची बायको वैभवी. ती तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. तिचा आणि माझा कधी जमला नाही मेळ. ती दोरीवर साडी वाळत घालायची आणि मी सुरू झाले की साडीवर काजळी बसायची. त्यात माझा काय दोष? साडी दुसरीकडे घालावी. पण तिनं कारखान्याच्या आवारात विजेवर चालणाऱ्या पिकअप बघितल्या आणि घरात तोच विषय सुरू झाला.

"दोन्हीवर चालणारी घेऊ ना," कमलेश म्हणाला. "वीज संपली तर तेल हाय."

"दोन्ही असलं की दुखणी पण दोन्हीची येतात," वैभवी म्हणाली. "आपल्याला जायचं कुठं? पालघर नायतर बोईसर. रातभर चार्जिंगला लावली की झालं."

शेवटी विजेवरचीच आली. पांढरी, गुळगुळीत आणि मुकी. मला पहिल्या क्षणापासून संशय आला. जी गाडी आवाज करत नाही, धूर सोडत नाही, ती नक्की काहीतरी लपवते. मी तिच्यावर डोळा ठेवला. ती मागून आली तरी टोपलीवाल्या बायकांना कळायचं नाही, कमलेश हॉर्न वाजवून दमायचा. कधी भाडं घेऊन मनोरच्या चढावर भरल्या अंगानं गेली की तिची बॅटरी भराभर उतरायची आणि कमलेशचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या आकड्याकडे जास्त. एकदा कसलासा दिवा लागला तर बोईसरचा मिस्त्री बॉनेट उघडून नुसता बघत बसला. म्हणाला, "इसमें मैं क्या करूँ, कंपनीवाले को बुलाओ." ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण ती बोईसरच्या दोन खेपा एका चार्जिंगवर करायची, हेही मी मोजत होते. आज अडेल, उद्या अडेल म्हणून मी वाट बघत होते. ती अडली नाही. दोन महिने मी नारळाखाली उभी राहिले. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. खारा वारा मात्र रोज यायचा.

मग एके दिवशी गावातली डीपी जळाली. दोन दिवस वीज नाही. पांढरीची बॅटरी संपली आणि ती दारात गप्प बसली. तशी गप्पच असते म्हणा. बोईसरच्या आत्मारामशेठला त्याच दिवशी सुके बोंबील हवे होते आणि माल तयार होता एकट्या सोजराबाईचा. सहा पोती.

सोजराबाईची ओळख करून द्यायला हवी. सत्तरीची म्हातारी. बोंबील दोरीवर टांगून असे वाळवते की हातात घेतला तर कडकन मोडावा. वाळूचा कण लागू देत नाही, दोरीखाली स्वतः राखण करत बसते. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या दोरीवर चालतं. तिच्या पोत्यावर खूण नसली तरी बाजारात माल ओळखतात, हा तिचा अभिमान.

कमलेशनं चौघांना बोलावून मला धक्का मारला. मी एकदा खोकले आणि सुरू झाले. केवढा आनंद झाला मला! आवाजही वेगळाच येत होता, खालून फुरफुर, घुमल्यासारखा. मला वाटलं, वयानं आवाज भारदस्त झाला. नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवून पोती चढली, वर ताडपत्री करकचून बांधली आणि मी पांढरीकडे बघत ऐटीत निघाले.

आत्मारामशेठनं पहिलं पोतं उघडलं, नाकाशी मूठभर बोंबील नेले आणि खाली टाकले.

"कमलेश, हा माल परत ने. रॉकेलसारखा वास मारतोय."

दुसरं पोतं उघडलं, तिसरं उघडलं. तोच वास. "माशा बसू नयेत म्हणून बाईनं कसलं तरी औषध मारलंय," शेठ म्हणाला. "यापुढं तिचा माल माझ्याकडं आणू नको."

कमलेशनं पोती परत आणून सोजराबाईच्या अंगणात टाकली. विचारपूस केली असती तर वेगळं होतं. पण त्याची खेप फुकट गेली होती, डोकं तापलं होतं. "मावशी, औषध मारायचं होतं तर निदान मला सांगायचं. माझं नाव खराब केलंस." आणि वाटेत जो भेटेल त्याला त्यानं हेच सांगितलं. घरोघर सांगितलं.

सोजराबाई एवढंच म्हणाली, "मी काय मारलं नाय रं. खाऊन बघ." कमलेश थांबला नाही.

वीज आली. पुढच्या आठवड्यात पांढरीनं इतर बायकांचे बोंबील नेले. कुणाच्याच मालाला वास नाही. झालं, सगळ्यांची खात्री पटली. सोजराबाईच्या दोरीकडे बायका जाईनात. मीही तसंच धरून चालले, मित्रांनो. म्हातारीवरच संशय घेतला. माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे.

एकटी वैभवी ऐकेना. ती सोजराबाईकडे गेली, घरात उरलेल्या त्याच वाळवणातले बोंबील हुंगले, एक तव्यावर भाजून खाल्ला. मग एक पोतं भरून स्वतः पांढरीतून बोईसरला गेली. शेठला म्हणाली, "कुणाचा माल ते नंतर सांगते, आधी वास घ्या." शेठनं वास घेतला आणि पोतं ठेवून घेतलं. नाव ऐकल्यावर त्यानं पुन्हा एक मूठ नाकाशी नेली.

घरी आल्यावर ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही मला भंगारात काढायचं निमित्त शोधणार. तिनं कमलेशला मला सुरू करायला लावलं, हौद्यावर ताडपत्री टाकली आणि अंगणात गोणपाट पसरून माझ्याखाली शिरली. आजवर माझ्याखाली कमलेशही कधी असा शिरला नव्हता.

"इकडं ये," ती खालून म्हणाली. "सायलेन्सरला हात जाईल एवढं भोक पडलंय. धूर वर चाललाय. हौद्याचा पत्रा बघ, चाळण झालीय. ताडपत्री उचल."

कमलेशनं ताडपत्री उचलली. माझाच काळा धूर भसकन त्याच्या तोंडावर आला. तो खोकत मागे सरला आणि त्यानं शर्टाची बाही हुंगून बघितली.

मला काय वाटलं ते कसं सांगू? ज्या फुरफुरीची मी ऐट मिरवली, ती माझ्या पोटाला पडलेल्या भोकाची होती. जी काहीतरी लपवते म्हणून मी दोन महिने डोळा ठेवून होते, ती पांढरी स्वच्छ होती. आणि एक म्हातारी पंधरा दिवस अंगणात एकटी बसली होती, ती माझ्यामुळे. मला लाज वाटली.

संध्याकाळी कमलेश मला घेऊनच सोजराबाईच्या दारात गेला. शेजारच्या दोरीजवळ चार बायका होत्या. तो मान खाली घालून म्हणाला, "मावशी, औषध तू नाय मारलं. धूर माझ्या गाडीचा हाय. मी न बघता बोललो. मला माफ कर."

सोजराबाईनं हातातले बोंबील खाली ठेवले. रडली नाही की रागावली नाही.

"मला कशाला सांगतंस?" ती म्हणाली. "मला ठावं हाय मी काय मारलं नाय ते. घरोघर बोललास ना? तसाच घरोघर जा नि सांग."

कमलेश गेला. पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत गेला. मी रस्त्यावर उभी राहून बघत होते. प्रत्येक दारात त्याला तेच वाक्य बोलावं लागलं आणि प्रत्येक दारात त्याचा आवाज आणखी खाली जात होता.

आता मला नवा सायलेन्सर बसला आहे, हौद्याला नवा पत्रा आणि स्टार्टरही. वीज गेली की मी जाते, नाहीतर पांढरी जाते. तिच्यावर माझा अजून पुरता भरवसा नाही. चढावर ती दमते आणि तिचं दुखणं इथल्या मिस्त्रीला कळत नाही, हे खरंच आहे. पण तिच्यातून गेलेल्या मालानं कुणाची मान खाली गेलेली नाही, हेही खरं आहे.

मित्रांनो, गाडी डिझेलची असो की विजेची, तिची वेळच्या वेळी काळजी घ्या. आणि कुणावर संशय आला, तर बोलण्याआधी आपल्या गाडीखाली एकदा वाकून बघा. मला स्वतःला वाकता येत नाही. तुम्हाला येतं.