आबाजी मास्तरांचे माप

एकोणीसशे अडुसष्ट सालची गोष्ट. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत जिजा एकदा नापास झाली होती. सोमवारी पुन्हा झाली असती, तर मुंबईच्या कॉलेजाने तिचे नाव पटावरून काढले असते. चूक कोठे होते हे तिला आता कळले होते, आणि ती चूक आबाजी मास्तरांची होती.

पोशीरचे आबाजी मास्तर कर्जतला संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. फ्रेंच ते पुस्तकावरून शिकले, आणि जिजाला त्यांनीच शिकवले. क्रियापदाचे रूप दिसले की ते त्याची अक्षरे पाडीत आणि श्लोकाप्रमाणे लघुगुरू लावीत. ‘पार्लों’, म्हणजे ‘आम्ही बोलतो’. त्यात दोन्ही अक्षरे गुरू; पहिला गुरू ‘पार’, म्हणून आघात त्यावर. परीक्षक नेमके तेथेच थांबवीत. फ्रेंच माणसे अक्षरे सारख्या तोलाने टाकतात आणि भार शेवटावर देतात, हे जिजाने कान देऊन ताडले होते. ‘पार्लों’त तो ‘लों’वर, ‘पार्लों नू?’ असे विचारले, की ‘लों’ला सोडून ‘नू’वर.

मास्तरांना चोरून ही वाट धरणे तिला पटेना. ती त्यांच्या खळ्यावर गेली. मास्तर पायलीने भात मोजीत होते, गडी कोंडीराम पोते धरून होता. तिचे ऐकून मास्तरांनी निकाल दिला, की आघात असा घरे बदलीत हिंडतो ती भाषा नव्हे, बेशिस्त आहे.

जिजा हलली नाही. मास्तरांनी नवे पोते धरायला लावले. रिवाजाप्रमाणे ‘एक’ न म्हणता ते ‘लाभाऽ’ म्हणाले, आणि पायली रिती होईतो शेवट लांबवला. मग ‘दोनाऽ’. मग ‘तीनाऽ’. किती झाल्या, असे कोंडीरामने विचारताच ‘तीन झाल्याऽ’.

“मास्तर, ‘तीना’वरचा हेल कुठे गेला?”

“कुठे जाणार? ‘झाल्या’वर गेला. अगं, बोलणं जिथे संपतं, तिथेच हेल...”

मास्तर थबकले.

“पोरीनं तुमचंच माप तुमच्या पदरात वतलं, मास्तर,” कोंडीराम म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. पालथ्या घातलेल्या पायलीवर ते बसले.

“म्हण. आणि शेवट सांडलास, तर पहिल्यापासून म्हणायला लावीन.”

दिवेलागणीपर्यंत त्यांनी तिला सोडले नाही.

सोमवारी परीक्षकांनी तेच क्रियापद घातले. जिजाने अक्षरे सारख्या मापाने टाकली आणि ‘नू’ शेवटापर्यंत रिता केला. परीक्षकांनी तिला थांबवले नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.