बेकरीवाल्याची मांडी

आधी घरची तपासणी.

बेकरीवाला पँट उतरवून पिठाच्या पोत्यावर बसला. उजव्या मांडीत, पुढच्या बाजूला, संत्र्याएवढी गाठ. या घरात मळलेलं पीठ तयार झालं की नाही, ते अंगठ्याने दाबून ठरवतात. खड्डा हळूहळू भरून आला की तयार. तर सगळ्यांनी अंगठे लावले.

बायको : दुखतं?

बेकरीवाला : छे.

मेहुणा : मऊ आहे. दाबलं की वर येतंय. दाजी, झकास गोळा!

आत्या : चरबी रे ती. माझ्या मानेवर ही बघ, तुझ्या लग्नाआधीची. माझं काही वाकडं झालं?

बायको : आत्याबाई, तुमचं वाकडं करायची कुणाची छाती आहे?

निकाल : चरबी. अंमलबजावणी : शनिवारी. मेहुण्याच्या ओळखीचा एक डॉक्टर चिरा देणार, गाठ काढणार, दुपारी माणूस परत भट्टीवर.

बायकोला पटेना. बघता बघता लिंबाचं संत्रं झालं होतं. चरबीला एवढी कसली घाई? तिने नवऱ्याला मोठ्या दवाखान्यात ओढत नेलं. आत्या आपणहून आली, सल्ला फुकट असल्यामुळे.

मग दुसरी तपासणी.

डॉक्टरीणबाईंनी टेप लावून गाठ मोजली, जांघ चाचपली (बेकरीवाला छताचा अभ्यास करत राहिला), पावलाची नाडी पाहिली.

"पाय सैल सोडा."

गाठ बोटांत इकडून तिकडे हलली.

"बघा, हलतेय!" आत्या.

"आता गुडघा ताठ ठेवून पाय उचला."

उचलला. मांडी ताणली गेली आणि गाठ जागच्या जागी गच्च. ढकलून पाहिली. हलेना.

बाईंनी मग आत्याला मान ताठ करायला लावली. तिची गाठ तरीही चिमटीतून सुळकन निसटली.

"तुमची कातडीखाली आहे. यांची स्नायूत. खोल, मोठी, वाढणारी. साधीही निघेल, पण बोटांनी ठरवता येत नाही."

"अहो, पण दुखत नाही ना!" बेकरीवाला.

"वाईट गाठीही बऱ्याचदा गप्पच असतात."

"आमच्या घरात गप्प बसणारं हे पहिलंच." बेकरीवाला.



"शनिवारी काढायचं ठरलंय," बायको म्हणाली.

"अजिबात नाही. आधी एमआरआय, मग सुईने तुकडा काढून तपासणी. कॅन्सर निघाला आणि कुणी आधीच भलतीकडे चिरा देऊन तो आजूबाजूला पसरवून बसलेलं असलं, तर आज वाचवता येणारा पाय उद्या वाचवता येईलच असं नाही."

बाहेर आल्यावर बेकरीवाल्याने मेहुण्याला फोन लावला.

"शनिवारचं रद्द."

"असं कसं दाजी? मी शब्द दिलाय त्याला!"

"मग तू जा. तुझं काहीतरी कापून घे."

आवाज मात्र कापत होता. बायकोने फोन त्याच्या हातातून घेतला, बंद केला आणि एमआरआयची खिडकी कुठे आहे ते विचारायला निघाली.