कणगीतली क्रोशाची सुई

मित्रांनो, मी एक जुनी क्रोशाची सुई आहे. वीतभरही लांब नाही, पोलादाची आहे आणि माझ्या टोकाला एक आकडा आहे. आता अंगावर गंज चढला आहे, पण स्वभाव काही बदललेला नाही. मी हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी फार दया येणार नाही.

बेळगावच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात पडून होते. पलटणीतले लालासाहेब रजेवर गावी निघाले होते. बायकोसाठी काय न्यावं ते त्यांना सुचेना आणि बांगडीचं मापही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी मला घेतलं. अशी मी कडेगावला बनुबाईच्या हातात आले. रजा संपली, लालासाहेब लढाईवर गेले आणि त्यांची आठवण म्हणून घरात मीच उरले. बनुबाईने शाळेच्या मास्तरीणबाईंकडून साखळी आणि खांब हे टाके घालायला शिकून घेतलं. हातात दुसरं काम आलं की ती मला अंबाड्यात खोचायची. त्या अंबाड्यात माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

दुपारी भाकरतुकडा झाला की गल्लीतली पोरं ओट्यावर जमायची. लढाईमुळे चांगला दोरा मिळत नव्हता, म्हणून बनुबाई पोत्यांची शिवण उसवून दोरा काढायची आणि हळदीच्या पाण्यात बुचकळून वाळवायची. पोरं चिंध्यांचा घट्ट गोळा करायची. मग सहा साखळ्यांचं कडं घालायचं, त्यात खांब भरत जाळी वाढवायची, गोळा आत ठेवायचा आणि टाके कमी करत तोंड मिटवायचं. झाला चेंडू! गोट्यांच्या पिशव्या झाल्या, तांब्यावरची झाकणं झाली.

सुई मात्र एकच, आणि ती म्हणजे मी. "आता माजी पाळी हाय, दे की!" म्हणून मनू ओढायची, तर अर्जुना मला पाठीमागे लपवायचा. त्यांची भांडणं ऐकून मी मनातून फुलून जायचे. खोटं कशाला बोलू?

त्या साली दिवाळी झाल्यावर सिद्धू धनगराचा तळ आमच्या रानात पडला. शेताला लेंडीखत मिळावं म्हणून घरच्यांनी दरसालप्रमाणे त्याची मेंढरं बसवली होती. त्याची दहा-अकरा वर्षांची लेक हरणा पाणी न्यायला आली आणि ओट्यापाशीच थबकली. बनुबाईने तिला बसवून घेतलं.

पाळी यायची वाट बघणाऱ्यांतली पोर ती नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने ओच्यातून बांबूची एक काडी काढली. बापाच्या सुरीने तिला आकडा पाडला होता, काचेने घासून आणि तेल चोळून ती गुळगुळीत केली होती. त्या काडीवर तिने स्वतः कातलेल्या काळ्या लोकरीची साखळी अशी सरसर काढली की पोरं बघतच राहिली. चार दिवसांत तिने प्रत्येकाला एकेक काडी करून दिली. पाळीचं भांडण संपलं आणि माझी किंमतही संपली.

एवढं मी कसंबसं गिळलं असतं. पण हरणाने एक काडी बनुबाईलाही दिली. बनुबाईने तिच्यावर दोन ओळी विणल्या आणि म्हणाली, "लय हलकी हाय गं! बोटं न्हाईत दुखत."

माझा जळफळाट झाला. लालासाहेबांनी बेळगावहून आणलेली मी, आणि ही कुंपणाची काडी! त्या दिवशी संध्याकाळी अंबाड्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी होतो. मला तिचा स्पर्शही सहन होईना.

बनुबाई कणगीत जोंधळे ओतायला वाकली आणि मी केसांतून घसरले. मित्रांनो, माझ्या अंगी एकच गुण आहे, धरून ठेवण्याचा. एक केस जरी आकड्यात धरला असता तरी मी पडले नसते. पण मी धरला नाही. माझ्या मनात आलं, हरवू दे मला, मग हिला माझी किंमत कळेल. मी जोंधळ्यात पडले आणि लगेच बनुबाईचा दीर आकाराम याने माझ्यावर दोन पोती रिकामी केली.

सकाळी शोधाशोध सुरू झाली. बनुबाईचा आवाज रडवेला झाला होता आणि आत मी सुखावत होते. तेवढ्यात अर्जुना पळत आला. "काकी, मेंढरं गेली! रान मोकळं हाय."

रानातला चारा संपला की तळ हलायचाच, ते दरसालचं होतं. पण त्या दिवशी कुणालाच ते आठवलं नाही. "मग काय बघायचं ऱ्हायलं?" बनुबाईची सासू राहीबाई म्हणाली. "त्या पोरीनंच नेली."

"न्हाई ओ आत्याबाई, ती न्हाई तसली," बनुबाई म्हणाली. पण आकारामने सायकल काढली तेव्हा तिने त्याला अडवलं नाही.

मी ओरडले असते, पण मला तोंड कुठं आहे?

दुपारी आकाराम परतला. "कराडच्या वाटेला गाठलं," तो सांगत होता. "समद्यांम्होरं पोरीचं बोचकं झाडलं. काळी लोकर आन् चार काड्या. दुसरं काय बी न्हाई."

"रडली का वो?" बनुबाईने विचारलं.

"न्हाई. नुसती बघत व्हती. सिद्धू म्हणला, मालक, म्होरल्या साली मेंढरं दुसरीकडं बसवतू."

त्यानंतर ओट्यावर पोरं फारशी जमेनाशी झाली. कुणाचं काय हरवलं तर आपल्या पोराचं नाव यायला नको, असं आयांनी ठरवलं. जोंधळ्याखाली अंधारात मला रोज एकच चित्र दिसायचं, रस्त्यावर उलटं केलेलं एक लहानसं बोचकं.

फाल्गुनात कणगीचा तळ लागला आणि मी बनुबाईच्या हाताला लागले. तिने मला छातीशी धरलं नाही की माझा मुका घेतला नाही. कपाळाला हात लावून ती तिथंच मटकन बसली.

पावसाआधी धनगर पूर्वेकडे परत निघाले आणि त्यांचा तळ आमच्या नव्हे, गावातल्या नाथाजीच्या रानात पडला. बनुबाई मला मुठीत घेऊन गेली. हरणा कोकराला पाणी पाजत होती.

"घावली गं माजी सुई. माज्याच कणगीत व्हती," बनुबाई म्हणाली. "चुकलं माजं. ही तूच ठेव."

हरणाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला नगं. माजी काडी हाय मला. तुमी ह्ये समद्यांम्होरं सांगा, काकी. माजं बोचकं समद्यांम्होरं झाडलं तुमच्या मान्सानं."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, गर्दीच्या वेळी, बनुबाईने मला उंच धरलं आणि सगळ्या बायाबापड्यांदेखत खरं काय ते सांगितलं. राहीबाई पदर ओढून घरी निघून गेली. पण बनुबाईने अर्ध्यावर सोडलं नाही.

संध्याकाळी हरणा ओट्यावर आली, एकदम कडेला बसली. बनुबाईने मला तिच्यापुढे सरकवलं. तिने मला बोटाने बाजूला केलं, ओच्यातून आपली काडी काढली आणि विणू लागली. हळूहळू पोरं तिच्याभोवती सरकली.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना जपा, वापरून झालं की जागच्या जागी ठेवा. पण एखादी वस्तू हरवलीच, तर आधी आपल्या घराचे कोपरे धुंडाळा. कणगीच्या तळापर्यंत हात घाला. कुणा लेकराचं बोचकं झाडू नका. सुई पुन्हा घावते, बाजारात नवीही मिळते.

बाकी माझं म्हणाल, तर मला त्या बांबूच्या काडीचा आजही हेवा वाटतो. ती फुकटची होती, दोन-चार वर्षांत मोडलीही असेल. पण तिच्यापायी कुणाला कधी मान खाली घालावी लागली नाही.